तात्पुरता आकडा

लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढणं हा माझा धंदा. चौकाच्या कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान आहे. दोन आरसे, एक तपासायची खुर्ची आणि भिंतभर फ्रेमी. आज मात्र स्वतःच्या बायकोबद्दल लिहायला बसलोय. फार जवळचं माणसाला नीट दिसत नाही हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, तेव्हा काही ठिकाणी माझं चुकणार हे धरून चाला. चुकलं की ती सांगेलच. तिला सांगायला आवडतं.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ती आयटी विभागात आहे. तिथे तिचं टोपणनाव 'बंद-चालू'. वीस वर्षांपूर्वी ती लागली हेल्प डेस्कवर, म्हणजे कुणाचाही संगणक अडला की जो फोन वाजतो तो उचलायला. पहिल्या दिवसापासून तिचं उत्तर ठरलेलं: "एकदा बंद करून चालू करा." दहातले सात जण तेवढ्यावर फोन ठेवायचे. उरलेल्या तिघांकडे ती स्वतः जायची, टेबलाखाली शिरायची आणि वायरींच्या गुंत्यात हात घालून वर बसलेल्या साहेबाला म्हणायची, "पाय जरा वर घ्या." झाडून सगळ्या साहेबांना पाय वर घ्यायला लावणारी कारखान्यातली ती एकटीच. घरीही तेच. मी चिडलो की म्हणते, "जा, एक झोप काढून ये." सांगायला लाज वाटते, पण उपाय लागू पडतो.

हेल्प डेस्कवरून ती पगाराच्या प्रोग्रामवर गेली, तिथून नेटवर्कवर, आणि पाच वर्षांपूर्वी टीम लीड झाली. या धंद्यातला वर जायचा जिना थोडा वेळ सरळ जातो आणि मग त्याला दोन फाटे फुटतात, एक यंत्राकडे आणि एक माणसांकडे. पगाराची गंमत अशी की यंत्राशी बोलणाऱ्याला एक पगार, आणि यंत्राशी बोलणाऱ्यांशी बोलणाऱ्याला त्याच्या दीडपट. हिला यंत्राकडेच राहायचं होतं. "माणसं बंद करून चालू करता येत नाहीत रे," असं ती म्हणायची. मी तिला तेव्हा सांगितलं होतं की तू नवऱ्यावर रोज करतेस तेच करायचं, फक्त सहा जणांवर.

हाताखालचे सहा जण मात्र टिकायचे नाहीत. कोरं पाखरू यावं, हिने त्याला दोन वर्षं दाणे भरवावेत आणि पंख फुटले की त्याने भुर्रकन उडून जावं. कारण उघड होतं. त्याच कामाला बाहेर पावणेदोनपट पगार मिळायचा. दर चार महिन्यांनी कुणाला तरी निरोप, आणि उरलेला केक आमच्या घरी. आमची लेक तर लहानपणी समजायची की केक हा पदार्थ कुणी नोकरी सोडली तरच बनतो. मी हिला कितीदा विचारलं, तू का नाही जात? तुला काय पंख नाहीत? ती म्हणायची, "सर आहेत तोवर मी आहे."

सर म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, आयटी मॅनेजर. हिला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. शांत माणूस. विभागात मोठं काही बिघडलं की दुरुस्तीनंतर ते एक पानभर कागद लिहायला लावायचे. काय बिघडलं, कधीपासून, इतके दिवस कळलं का नाही आणि आता काय करायचं. कुणामुळे बिघडलं हे मात्र लिहायचं नाही. नाव लिहिलं की पुढच्या वेळी लोक बिघाडच लपवतात, असं त्यांचं म्हणणं. शिवाय एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासून खाली सही केल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि सगळ्या कारखान्याच्या पगाराची माहिती यांच्याच यंत्रात असल्यामुळे एक नियम त्यांनी अगदी देवळाच्या उंबऱ्यासारखा पाळला होता: आपल्या विभागाचं पगाराचं पान आपण उघडायचं नाही. किल्ल्या यांच्याच हातात, पण सरांनी ते पान एकदाही उघडलं नाही.

दर वर्षी पगारवाढीच्या दिवसांत सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे जायचे. विभागाचा पगार कमी आहे, माझाही आणि माझ्या पोरांचाही, हे सांगायला. साहेब म्हणायचे, "अहो, तुमची श्रेणी ठरलेली आहे. यंत्रात आहे. मी काय करणार?" सर खाली यायचे आणि कामाला लागायचे. भांडारप्रमुख, हिशेबप्रमुख, सगळ्यांचे पगार त्यांच्यापेक्षा बरेच जास्त होते, आणि रात्री-अपरात्री कारखाना बंद पडला तर उठवायचे मात्र यांना. मला या गोष्टीचा फार संताप यायचा. ही म्हणायची, तू तिथे नोकरीला नाहीस, तू का तापतोस?

या वर्षी सर साठीला आले. महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी अर्ज मागवले आणि हिने, माणसांना बंद-चालू करता येत नाही म्हणणाऱ्या बाईने, अर्ज भरला. मॅनेजर झाले तर निदान पोरांच्या पगारासाठी वर जाऊन भांडता येईल, असं तिचं म्हणणं. आणि खोटं कशाला बोलू, आम्हालाही तो पगार हवा होता. लेक पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाणार आहे आणि चष्मे लोक हल्ली फोनवरून मागवतात. बाहेरचे दोन उमेदवार आले होते. ते पगाराचा आकडा ऐकून चहा अर्धा टाकून गेले. उरले दोघे, ही आणि विक्री विभागातला एक बोलघेवडा गृहस्थ. त्याला संगणकाबद्दल एवढंच ठाऊक की तो महाग असतो, पण बोलायला लागला की समोरच्याने मान डोलवावी. मुलाखत होती अठ्ठावीस तारखेला.

एकवीस तारखेला दुपारी ही माझ्या दुकानात आली. असं ती कधी करत नाही. गिऱ्हाईक नव्हतं. ती सरळ तपासायच्या खुर्चीत जाऊन बसली आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली.

"काय झालं? दिसत नाहीये का?"

"आजच दिसलं," ती म्हणाली. "अरे, मी एक आकडा टाकलाय."

"कुठे टाकलास? शोधू आपण."

"गप्प बस आणि ऐक."

मी गप्प बसलो आणि ऐकलं. कारखान्याचा पगाराचा जुना प्रोग्राम बदलून नवा आणायचं काम चालू होतं. जुन्यातली प्रत्येक ओळ नव्यात बरोबर आली की नाही हे ताडून बघायचं, म्हणून साहेबांची लेखी परवानगी घेऊन हिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या विभागाचं पान उघडलं. जुन्या पडद्यावर शेऱ्याचा रकाना दिसायचाच नाही. नव्यात दिसतो. आयटी मॅनेजरच्या श्रेणीपुढे शेरा होता: 'तात्पुरता. मंजुरी आल्यावर बदलणे.' आणि त्यापुढे हिची आद्याक्षरं.

"अठरा वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "विभाग नुकताच स्वतंत्र झाला होता. प्रमुखाची श्रेणी ठरली नव्हती. वरून येईल म्हणाले. पण प्रोग्रामची चाचणी घ्यायची, बेरीज जुळते का बघायची, तर जागा रिकामी ठेवून चालत नव्हतं. मला म्हणाले, टाक काहीही सध्या. मी तेव्हा चोवीस वर्षांची. मोठ्या माणसाचा पगार किती असतो हे मला काय माहीत? मला माहीत असलेला मोठ्यात मोठा पगार म्हणजे बाबांचा."

तिचे वडील बसडेपोच्या भांडारात होते. नटबोल्ट मोजून देण्यात सारी नोकरी गेली. त्या वर्षी ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि शेवटच्या पगाराची स्लिप त्यांनी घरात सगळ्यांना हातात घेऊन बघायला लावली होती.

"आठ हजार चारशे बारा," ती म्हणाली. "मी तेवढा टाकला. मंजुरी वरून कधी आलीच नाही. सगळ्यांना वाटलं, आली असेल. दर वर्षी त्याच्यावर टक्केवारीने वाढ चढत गेली. आणि विभागातल्या बाकीच्यांचे पगार प्रमुखाच्या पगाराच्या इतके टक्के, तितके टक्के असे काढतात. म्हणजे सरांचा, माझा, सोडून गेलेल्या सगळ्या पोरांचा."

मी हसायला लागलो. खुर्चीचा दांडा धरून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. गोल आकडा असता तर कुणाला तरी शंका आली असती. आठ हजार चारशे बारा म्हटल्यावर वाटतंच की कुठल्या तरी समितीने डोकं खाजवून काढला असणार. माझी बायको अठरा वर्षं स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कमी पगारावर राबत होती आणि मी साहेबाला शिव्या घालत होतो.

ती हसत नव्हती. तेव्हा मग मी व्यवहारी झालो. मला व्यवहारी व्हायला फार वेळ लागत नाही.

"हे बघ, अठ्ठावीसला मुलाखत आहे. आधी खुर्ची मिळू दे. मग महिन्याभराने 'अरेच्चा, हे काय सापडलं' म्हण. पगारही सुधारेल, पोरांचंही भलं होईल."

"पंचवीसला पगाराची यादी बंद होते."

"मग?"

"सरांचा शेवटचा पगार त्या यादीत आहे. निवृत्तीची सगळी रक्कम शेवटच्या पगारावरून काढतात. पंचवीसच्या आत आकडा बदलला नाही, तर सर गेले ते गेलेच. जन्मभर त्या आठ हजार चारशे बारावर."

"आणि पंचवीसच्या आत सांगितलंस तर तुझी खुर्ची?"

"आकडा टाकून अठरा वर्षं विसरलेल्या बाईच्या हातात विभाग कोण देईल? वर असंही म्हणतील, की मॅनेजर व्हायच्या आधीच बाईने मॅनेजरचा पगार वाढवून घेतला."

मी भांडलो. खोटं नाही सांगत, चांगला भांडलो. सरांबद्दल मला आदर आहे, पण फी माझ्या लेकीची भरायची होती. ती म्हणाली, जा, एक झोप काढून ये. मी म्हणालो, दुकानात झोपू का? शेवटी ती उठली आणि म्हणाली की साहेबांना सांगायचं की नाही ते नंतर बघू, पण सरांना सांगितल्याशिवाय मला यापुढे त्यांच्या समोर बसता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. संध्याकाळी आम्ही दोघं सरांकडे गेलो. सर गॅलरीत बसून जुने स्क्रू आकाराप्रमाणे बाटल्यांत भरत होते. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांनी हिला बघून तोंडभर हसून "आलीस का गं" म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. हिने बसायच्याही आधी, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. शेऱ्यासकट, बाबांच्या स्लिपसकट.

सर हातातल्या स्क्रूच्या आट्यांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चाचणीच्या कागदावर तपासणाऱ्याची सही असेल."

हिने मान हलवली.

"मीच ना?"

"हो, सर."

"बेरीज बघितली असणार मी. बेरीज बरोबर असेल."

"बेरीज बरोबर आहे."

यावर सर जे हसले! त्यांना इतकं मोठ्याने हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मांडीवरची बाटली कलंडली आणि स्क्रू गॅलरीभर पसरले. स्वतःचा पगार कमी लिहिलेल्या कागदावर स्वतःच 'तपासले' म्हणून सही करणारा जगात मी एकटाच असेन, असं म्हणून ते पुन्हा हसले. मीही सुटलो. जमिनीवर बसून आम्ही दोघं स्क्रू वेचत होतो आणि हसत होतो, तेवढ्यात काकू बाहेर आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. सरांनी हसत हसत सांगितलं.

काकू हसल्या नाहीत. "अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं मी या माणसाला बोल लावला. तुम्हाला मागता येत नाही, तुम्हाला तोंड नाही, माझ्या भावाकडे बघा, शेजाऱ्यांकडे बघा. जेवताना बोलले, पाहुण्यांसमोर बोलले."

"आणि मला वाटायचं, आपली लायकीच तेवढी असेल," सर म्हणाले. ते हे साधेपणानेच म्हणाले, स्क्रू वेचता वेचता. पण म्हणाले आणि थांबले, जणू स्वतःलाच आत्ता ऐकू आलं होतं.

ही रडायला लागली. माझ्या बायकोला मी टेबलाखाली शॉक बसून घरी आल्यावरही रडताना पाहिलेलं नाही. मी हातातल्या स्क्रूकडे बघत राहिलो आणि काल दुकानात दिलेल्या सल्ल्याची मला लाज वाटली.

सरांनी तिला बसायला लावलं. "हे बघ, अठ्ठावीसला मुलाखत आहे तुझी," ते म्हणाले. "ती होऊ दे आधी. नंतर सांग साहेबांना. माझं काय, आठ दिवसांचा पाहुणा मी. इतकी वर्षं भागलं, पुढेही भागेल."

"तुम्ही गप्प बसा!" काकू कडाडल्या. "जन्मभर गप्प बसलात तेवढं पुरे." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुला काय करायचं ते तू कर. तुझं घर आहे, तुझी मुलगी आहे, मला कळतं. पण आज माझ्या हातून तुला चहा मिळायचा नाही." आणि त्या आत गेल्या. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला.

घरी येऊन हिने जेवणाच्या टेबलावर कागद ओढला आणि सरांच्या पद्धतीचं ते एक पान लिहायला घेतलं. काय बिघडलं, कधीपासून, कळलं का नाही, आता काय करायचं. मी चिंच खाल्ल्यासारखं तोंड करून समोर बसलो होतो, पण अडवलं नाही. शेवटी तिने खाली लिहिलं: आकडा टाकणारी, आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव.

"अगं, यात नाव लिहायचं नसतं ना?"

"दुसऱ्याचं नसतं लिहायचं," ती म्हणाली. "स्वतःचं लिहायला कुणाची मनाई आहे?"

सकाळी कारखान्याच्या दारात सर उभेच होते. त्यांनी कागद मागून घेतला, भिंतीला टेकवून वाचला, एक तारीख दुरुस्त केली, खिशातलं पेन काढून हिच्या नावाखाली लिहिलं: तपासणारा, आणि पुढे स्वतःचं नाव. मग दोघं मिळून वरच्या मजल्यावर गेले. त्या दिवशी सरांच्या शर्टाला इस्त्री नव्हती, असं ही सांगते.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो चष्मा माझ्याच दुकानातला, दूरचं नीट दिसतं त्यातून.

"म्हणजे मी दर वर्षी यांना सांगत होतो की श्रेणी ठरलेली आहे, ती..."

"बसडेपोतल्या एका स्टोअरकीपरच्या शेवटच्या पगारावर ठरलेली होती, साहेब."

"आणि हे तुम्ही मुलाखतीच्या आधी सांगताय? आठ दिवस थांबला असता तर कुणाला कळलं असतं?"

"पंचवीसला यादी बंद होते," ही म्हणाली. यापलीकडे तिला काही सुचलं नाही, असं ती म्हणते. मला विचाराल तर यापलीकडे काही सांगण्यासारखं नव्हतंच.

साहेब आधी तापले. आमच्या सह्यांची चेष्टा झाली, बाहेर कळलं तर काय होईल, वगैरे. सरांनी ते ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "साहेब, अठरा वेळा मी हा आकडा कमी आहे म्हणून तुमच्याकडे आलो. आज पहिल्यांदा तो का कमी आहे ते घेऊन आलोय." आयुष्यात मागता न येणाऱ्या माणसाने हे म्हटलं. साहेबांनी हिशेबप्रमुख बाईंना बोलावलं, बाकीच्या विभागप्रमुखांच्या श्रेणी मागवल्या, आणि दोन दिवस वरच्या मजल्यावर कागद इकडून तिकडे धावले. चोवीस तारखेला दुपारी श्रेणी बदलली. मागच्या वर्षांचं काही मिळणार नाही, ते उकरू नका, असं साहेबांनी बजावलं. पण सरांचा शेवटचा पगार आणि त्यावरची निवृत्तीची रक्कम नव्या आकड्यावर निघणार होती.

मग अठ्ठावीस तारीख आली. हिच्या आयुष्यातल्या आधीच्या सगळ्या मुलाखतींत 'अपेक्षित पगार किती' या प्रश्नाला हिचं एकच उत्तर असायचं, तुम्ही द्याल तो. या वेळी तिने चार कारखान्यांतल्या आयटी मॅनेजरना फोन करून सरळ विचारलं होतं, तुम्हाला किती मिळतात? दोघांनी सांगितलं, एकाने अंदाजे सांगितलं, आणि चौथा म्हणाला, बाई, हे मला माझ्या बायकोनेही कधी विचारलेलं नाही. मुलाखतीत तिने आकडा सांगितला आणि तो का, तेही सांगितलं. बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने विचारलं, "समजा, तुमच्या विभागाचे पगार ठरवायचा अधिकार तुम्हालाच दिला तर?"

"एकदा ठरवलेत," ही म्हणाली. "अनुभव चांगला नाही."

साहेबसुद्धा हसले म्हणे. पण हसणं वेगळं आणि देणं वेगळं. दोन दिवसांनी पत्र आलं. जागा हिला दिली, पण प्रभारी म्हणून, आणि पहिले सहा महिने आताच्याच जुन्या पगारावर. झाल्या प्रकाराची नोंद घेऊन, असं त्यात लिहिलं होतं. मी ते पत्र वाचून घर डोक्यावर घेतलं. ही बढती आहे की दंड? खरं बोलणाऱ्याला कापायचं आणि बोलघेवड्यांना... तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, जा, एक झोप काढून या." दोघी टाळ्या देऊन हसल्या. हाताखालच्या पोरांचे पगार पुढच्या महिन्यापासून आपोआप वर जाणार होते आणि राजीनामा लिहून ठेवलेल्या दोघांनी तो फाडला होता, याचाच तिला आनंद. सहा महिने काय, बघता बघता जातील, म्हणाली. फी कशी भरायची ते मी रात्री अंथरुणात मोजून बघितलं. ओढाताण होईल, पण जमेल. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, जरा चिडलेला असलो की माझं घरात ऐकतात.

एक गोष्ट मात्र तिला खात होती. त्या संध्याकाळनंतर काकू तिच्याशी बोलल्या नव्हत्या. सरांच्या निरोपाला आल्या, पुढच्या रांगेत बसल्या, सगळ्यांशी हसल्या, हिच्या नमस्काराला मान हलवली आणि तोंड फिरवलं. ही घरी येऊन म्हणाली, त्यांचं बरोबर आहे. मी म्हणालो, अगं पगार तर मिळाला ना? ती म्हणाली, "पगार परत मिळतो. त्या जेवताना बोलल्या ते कसं परत घेणार?" 

पगार एकतीस तारखेला जमा झाला. त्या दिवशी संध्याकाळी हिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, घाबरून माझ्याकडे बघितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"ऐकतेस का?" काकूंचा आवाज.

"हो, काकू."

"दुपारी हे बँकेत जाऊन आले. येताना बूट घेऊन आले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हा माणूस दुकानात शिरला की आधी किमतीची चिठ्ठी उलटून बघतो आणि मग वस्तू बघतो. माझ्यासाठी घेताना नाही, स्वतःसाठी घेताना. आज बघितलीच नाही म्हणे. काचेतल्या जोडाकडे बोट दाखवलं, पैसे दिले आणि घेऊन आले."

"चांगलं झालं की, काकू."

"काय चांगलं झालं? किंमत बघायची नाही म्हटल्यावर माप बघायचंही विसरले. एक नंबर लहान आहेत. बदलून आणा म्हणते तर पायातून काढायला तयार नाहीत. तासभर झाला, लंगडत घरभर फिरतायत आणि आरशासमोर गेले की थांबतायत."

मागून सरांचा आवाज आला, "सैल होतील गं ते." काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज एकदम भरून आला.  

"तू ये," मग काकू म्हणाल्या. "माझं नाही ऐकत ते. आत्ता ये."

मी गाडीची किल्ली शोधेपर्यंत ही जिना उतरून खाली जाऊन उभी होती.